खाऱ्या पाण्याचा पाहुणा

भंडारा जिल्ह्यांत राहून समुद्राची हौस धरणें हें राजस्थानांत बसून भाताचें पीक काढूं पाहण्यासारखें आहे, असें आमचें परवांपरवांपर्यंत मत होतें. पाण्याची आम्हांस वानवा नाहीं. कोहळी लोकांनीं शेंकडों वर्षांपूर्वीं बांधलेले तलाव हें आमच्या जिल्ह्याचें भूषण आहे. वैनगंगा तर दाराशींच आहे. परंतु हें सारें पाणी गोडें. मुंबईचा समुद्र पाहावयाचा तर सुमारें ९०० किलोमीटरांची मजल मारावी लागते. आमची कन्या गेल्या दिवाळींत ती मारून आली, आणि येतांना समुद्र घरीं आणण्याचा बेत बरोबर घेऊन आली.

मुंबईच्या एका दुकानांत, कांचेच्या पेटींत, तिनें सिंहमासा पाहिला होता. इंग्रजींत त्यास लायनफिश म्हणतात. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, आयाळीसारखे पसरलेले पर, आणि सगळ्या हालचालींत एखाद्या संस्थानिकाचा संथपणा. "बाबा, मला तो हवा," असें तिनें रात्रीं पानावर बसतांच जाहीर केलें. सौभाग्यवतींनीं आमटी वाढतां वाढतां एवढेंच विचारलें, "तो चावतो का?"

प्रश्न अगदीं मुद्द्याचा होता. सिंहमासा चावत नाहीं, टोंचतो. पाठीवर १३, पोटाखालच्या परांत २ आणि त्यांच्या मागें ३, असे एकूण १८ विषारी कांटे त्याच्या अंगीं असतात. त्या दंशानें मनुष्य सहसा मरत नाहीं. पण वेदना मोठी असह्य होते. तें विष उष्णतेनें निकामी होऊं लागतें, म्हणून सोसवेल इतक्या ऊन पाण्यांत हात बुडवून ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावें, असा उपाय आहे. हें ऐकून सौभाग्यवतींनीं आमटीचें पातेलें जरा जोरानेंच खालीं ठेवलें.

कोणतीही निवड करण्यापूर्वीं वाचावें, ही आमची जुनी खोड. कन्येस घेऊन आम्ही वाचावयास बसलों, तेव्हां सिंहमासा ही एक जात नसून तें एक मोठें कुटुंब आहे, असें आढळून आलें. तिनें पाहिलेला तांबडा सिंहमासा म्हणजे टेरोइस व्होलिटान्स. दुकानांत तो बोटभर दिसतो, पण वाढतां वाढतां ३८ सेंटिमीटरांपर्यंत जातो. त्याला निदान ४५० लिटरांची पेटी हवी. दुसरा टेरोइस रेडिआटा. रूपानें रेखीव, पण जेवणाच्या बाबतींत हट्टी. खेंकडे आणि झिंगे यांवांचून दुसरें कांहीं खावयास तो सहजासहजीं तयार होत नाहीं. तिसरा खुजा आणि केसाळ, डेंड्रोकायरस ब्रॅकिप्टेरस. तो १७ सेंटिमीटरांच्या पलीकडे जात नाहीं, आणि २०० लिटरांत त्याचा संसार होऊं शकतो. तोंडांत मावेल असा कोणताही शेजारी गिळून टाकावयाचा, हा कुलधर्म मात्र तिघांचाही सारखाच.

मग हिशेब सुरू झाला. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे २०० लिटरांस ७ किलो, आणि तें घरांतलें मीठ चालत नाहीं, त्यासाठीं निराळें मिश्रण विकत आणावें लागतें. माशाच्या मलमूत्रांतलें विष पचविणारे सूक्ष्म जंतु पाण्यांत रुजेपर्यंत महिना-दीड महिना पेटी रिकामी ठेवावयाची. आमच्याकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्या माशास २५ अंशांच्या आसपासचें पाणी हवें. वीज गेली कीं पंप बंद, आणि पंप बंद पडला कीं माशाचा श्वास कोंडावयाचा. "आणि हा प्राणी दहा-दहा वर्षें जगतो," आम्ही म्हणालों. "दोन वर्षांनीं तूं शिकावयास बाहेरगांवीं जाशील. तो पेटींत मावेनासा झाला, किंवा आम्हांस झेपेनासा झाला, तर काय करावयाचें?"

"त्यांत काय? आपल्या सकरसारखा तुमच्या त्या मित्राकडे देऊं," ती सहज म्हणाली.

आम्हांस एकदम कांहीं उत्तर सुचेना. ती सात वर्षांची असतांना आमच्या घरीं गोड्या पाण्याची एक लहान पेटी होती. कांचेवरचें शेवाळ खाण्यासाठीं तींत एक सकर मासा आणला होता. हा दक्षिण अमेरिकेचा रहिवासी. अंगावर चिलखतासारखे कठीण खवले. पाहतां पाहतां तो हातभर झाला. तेव्हां एका संध्याकाळीं आम्हीं त्यास बादलींत घालून गांवाबाहेरच्या तलावांत सोडून दिलें, आणि कन्येस सांगितलें कीं मोठी पेटी असलेल्या एका मित्राकडे दिला. खरें सांगावयाचें तर त्या वेळीं एका जीवास मुक्त केल्याचें पुण्यही आम्हीं मनांत जमेस धरलें होतें.

पुढें पांच-सहा वर्षांनीं त्याच तलावावर एका ढिवरानें आम्हांस आपलें जाळें दाखविलें. ठिकठिकाणीं फाटलेलें, आंत तेच काळे, खडबडीत सकर गुंतलेले. "हे कोणी खात नाहीं, विकत घेत नाहीं, अन् जाळें फाडते जी," तो म्हणाला. आम्ही "अरेरे" म्हणालों आणि घरीं आलों.

त्या रात्रीं आम्हीं कन्येस हें सारें सांगितलें. तिच्या सिंहमाशाची कथाही याहून निराळी नाहीं, हेंही सांगितलें. हिंदी आणि प्रशांत महासागरांतला हा मासा १९८५ सालीं अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावर प्रथम आढळला. हौशी लोकांनीं पेट्यांतून सोडलेल्या माशांपासूनच हा वंश वाढला, असें शास्त्रज्ञ मानतात. आज तो उत्तर कॅरोलायनापासून ब्राझीलपर्यंत पसरला आहे. बहामा बेटांतील एका प्रयोगांत, लहानशा प्रवाळखडकावर एकेक सिंहमासा ठेवला असतां पांच आठवड्यांत तेथें नव्यानें येणाऱ्या माशांच्या पिलांची भर सरासरीनें ७९ टक्क्यांनीं घटली. त्या पेट्यांच्या मालकांनींही आमच्याप्रमाणेंच बादली रिकामी करून पुण्य जमेस धरलें असेल.

ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "बाबा, पण हा तर आपल्या तलावांत सोडतांच येणार नाहीं. गोड्या पाण्यांत तो मरेल."

"म्हणूनच," आम्ही म्हणालों, "आणला तर शेवटपर्यंत आपलाच."

दुसऱ्या रविवारीं आम्ही दोघें तलावावर गेलों आणि त्या ढिवरास पहिला मासा आमचा होता हें सांगितलें. तो हंसला. "सर, एकट्या माशानं पिल्लं होतेत का जी? तुमच्यासारखे आणखी असतीन," एवढें बोलून तो पुन्हां जाळें सांधूं लागला. त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. पण समाधान वाटावें असेंही त्यांत कांहीं नव्हतें. जाळ्याच्या सुताचे पैसे त्यानें दोनदां नाकारून तिसऱ्यांदा घेतले.

निवड अखेर कन्येनेंच केली: खुजा, केसाळ, १७ सेंटिमीटरांचा. तांबड्याचा डौल त्याच्यांत नाहीं, हें ती जाणून आहे. मात्र एक अट तिनें आपण होऊन घातली. एक उन्हाळा पेटींत नुसतें खारें पाणी ठेवावयाचें. वैशाखांतल्या उन्हांत आणि वीज गेल्यावर तें थंड व वाहतें राहतें कीं नाहीं, तें पाहावयाचें. आणि राहिलें तरच मासा आणावयाचा. चैत्र संपत आला आहे. बैठकींत ती पेटी उभी आहे, आणि कन्या रोज सकाळ-संध्याकाळ उष्णतामापकावरचा आंकडा वहींत टिपून ठेवते. येणारे-जाणारे पेटींत डोकावतात आणि विचारतात, "मासा कोठें आहे?" सौभाग्यवती त्यांस सांगतात, "अजून आमची परीक्षा चालूं आहे."