गैरहजर मुलाची पाटी

मु. पो. आटपाडी, जि. सांगली
मार्गशीर्ष वद्य पंचमी

तीर्थस्वरूप तात्या यांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पावले. कोईमतुरास काकांच्या गलाईच्या दुकानावरील माडीवर राहूनही आपण पत्रलेखनाचा जुना शिरस्ता सोडला नाही, आणि नातीनेही तो सोडू नये अशी आपली अपेक्षा आहे, म्हणून हे उत्तर त्याच रीतीने लिहिते. डी. एल. एड.ची दोन वर्षे सरत आली असताना आणि आंतरवासितेसाठी मी एका जिल्हा परिषद शाळेत रुजू असताना, वर्गावर्गांतून बसविलेल्या या पडद्यांविषयी व यंत्रांविषयी माझे स्वतःचे मत काय झाले आहे ते निर्भीडपणे कळवावे, अशी आपली आज्ञा आहे. परीक्षेत लिहावयाचे उत्तर मला मुखोद्गत आहे. तंत्रज्ञानामुळे अध्यापन रंजक होते, संबोध स्पष्ट होतात, विद्यार्थी सक्रिय होतो. या तीन वाक्यांना गुण मिळतात आणि ती सर्वस्वी खोटी आहेत असेही नाही. परंतु आपल्या पी. टी. सी.च्या काळी जसे फलकलेखनाचे गुण वेगळे आणि प्रत्यक्ष वर्ग सांभाळणे वेगळे होते, तसेच हेही आहे, असे मला आता वाटू लागले आहे.

शाळा द्विशिक्षकी आहे. 2015 साली शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम काढल्यावर गावोगाव लोकवर्गणीची जी लाट आली, त्या लाटेत येथेही ग्रामस्थांनी, आणि विशेषतः परमुलखात सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा करणाऱ्या गावकऱ्यांनी, पैसा उभा केला आणि प्रोजेक्टर, पडदा व संगणक अशी सामग्री शाळेच्या जडसंग्रहाच्या वहीत चढली. माणदेशातला उजेड किती प्रखर असतो हे मात्र ती सामग्री बनविणारास ठाऊक नसावे; कारण खिडक्यांना गोणपाट लावल्याखेरीज पडद्यावर काही दिसत नाही, आणि गोणपाट लावले की उकाड्याने मुलांचे डोळे मिटू लागतात. विजेच्या थकबाकीने शाळेची जोडणी तुटण्याचे प्रसंगही घडतात. तो सबंध महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांचा जुना आजार असल्याने त्याची कैफियत येथे मांडीत नाही. या अडचणी पैशाने दूर होण्यासारख्या आहेत. ज्या पैशाने दूर व्हावयाच्या नाहीत, त्यांविषयीच लिहावे हे बरे.

तिसरीच्या वर्गाला हातच्याची वजाबाकी शिकवीत असता मला एक गोष्ट प्रथमच नीट उमगली. चित्रफितीत दशकाची मोळी सुटते, तिच्या दहा काड्या टुणकन एककाच्या घरात जाऊन बसतात, मागून संगीत वाजते आणि उत्तर चमकू लागते; मुले टाळ्या पिटतात, आणि पाटीवर तेच उदाहरण घातले की अर्ध्याहून अधिक मुले मोठ्या अंकातून लहान अंक वजा करून मोकळी होतात, मग तो मोठा अंक वर असो की खाली. तेच उदाहरण आमच्या मार्गदर्शक शिक्षकांनी फळ्यावर घेतले तेव्हा त्यांनी खडू उचलला, दोनातून सात जात नाहीत म्हणून ते थांबले, वर्गाकडे पाठ करूनच उभे राहिले, आणि त्या स्तब्धतेत मागच्या रांगेतील एका मुलीने, शेजारच्या घरून आणायचे का गुरुजी, असे हळूच विचारले. फळ्यावरचा मजकूर मुलांच्या डोळ्यांदेखत, माणसाच्या हाताच्या गतीने घडत जातो; तो अर्धा असतानाच त्याच्याविषयी शंका घेता येते, तो पुसता येतो, चुकवून पाहता येतो. पडद्यावरचा मजकूर कितीही हलता असला तरी तो आधीच पुरा झालेला असतो. चित्रफीत थांबविता येते हे खरे. पण ती कोठे थांबवावी हे मुलांच्या चेहऱ्यावरून कळते, आणि अंधार केलेल्या खोलीत तेवढे एकच दिसत नाही.

याचा अर्थ पडदा गुंडाळून माळ्यावर टाकावा असा मी काढीत नाही. ज्या मुलांनी माणगंगेचे पात्र वर्षातून बहुतेक काळ वाळूचेच पाहिले, त्यांना समुद्र शब्दांनी सांगण्याचा माझा प्रयत्न मलाच केविलवाणा वाटला. भरतीच्या लाटेचे दोन मिनिटांचे चित्र दाखविले तेव्हा वर्ग जो निःशब्द झाला, तो निःशब्दपणा शिक्षकाला सहसा लाभत नाही. हृदयाच्या झडपा कशा मिटतात आणि उघडतात, हेही फळ्यावर दाखविणे माझ्या चित्रकलेच्या आवाक्याबाहेरचे आहे. उलट, एके दिवशी बीजांकुरणाची चित्रफीत लावण्याचा हुकूम माझ्या पाठ टाचणावर लिहून आला, आणि ज्यांच्या घरी आठवड्याआड फडक्यात मटकीला मोड येतात, त्या मुलांना मी मोड येण्याचे चित्र दाखविले. जे डोळ्यांसमोर आणता येत नाही ते आणण्यासाठी यंत्र, आणि जे ओंजळीत आणता येते त्यासाठी ओंजळ. एवढा विवेक राखला तर भांडण उरत नाही. पाहणीच्या वेळी मात्र साहेबांना ओंजळ दिसत नाही, पडदा दिसतो, आणि आमच्यासारख्या नवशिक्यांचा विवेक तेथेच ढळतो.

परंतु तात्या, ज्यासाठी हे पत्र लांबले ती गोष्ट पुढेच आहे. हजेरीपटावर नावे आहेत तितकी मुले दिवाळीनंतर या वर्गात बसत नाहीत, हे आपणांस मी सांगावयास नको. आपली सारी नोकरी त्याच रिकाम्या जागा मोजण्यात गेली. मेंढरांची खांडे घेऊन माणसे पाण्याच्या मुलखाकडे, कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्याकडे उतरली की त्यांच्यामागे दुसरी-तिसरीची पोरे जातात; काही ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर जातात; आणि गलाईवाल्यांची मुले आईबापांबरोबर जी केरळात वा तमिळ मुलखात जातात, ती यात्रेपुरती परततात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 साली प्रसिद्ध झाली आणि तीत औंध संस्थानच्या अमलातील धनगरवाडीवर नेमलेल्या एका पोरसवदा मास्तराला नेमकी हीच अडचण पडते: मुले मेंढरांमागे आणि शाळेला कुलूप, पुढे मोठ्या यातायातीने शाळा भरू लागते, आणि शेवटी दुष्काळ सारी वाडीच उठवून नेतो. ज्या लेंगरेवाडीवरून ती वाडी सुचली, ती याच तालुक्यात आहे. इतक्या दशकांत डांबरी सडक आली, टेंभूचे पाणी आले, डाळिंबाच्या बागा आल्या; मात्र मार्गशीर्षातील हजेरीपटाची ती घरे अजून भरली नाहीत.

आता पाहा: लोकवर्गणीची, शासनाची आणि दानशूरांची जी यंत्रसामग्री शाळांत आली, ती सगळीच्या सगळी हजर मुलांवर खर्च होते. ज्या मुलापुढे जिवंत शिक्षक चार हातांवर उभा आहे त्याच्यासाठी पडदा. आणि ज्याच्यापर्यंत शिक्षकाचा आवाज पोचण्याचा यंत्राखेरीज दुसरा मार्गच नाही, त्याच्यासाठी तजवीज म्हणाल तर एक शिक्षण हमी पत्रक, जे दाखवून जेथे मुक्काम पडेल तेथील शाळेत त्याने बसावे अशी योजना आहे. योजना चांगली आहे. पण ज्याचा मेंढरांचा वाडा दर दोन-चार दिवसांनी दुसऱ्याच्या रानात पडतो, त्याने कोणत्या शाळेत ते पत्रक दाखवावे? माझे मत एका वाक्यात सांगावयाचे तर हेच की, हे यंत्र आम्ही चुकीच्या बाकावर ठेवले आहे.

आमच्या मार्गदर्शक शिक्षकांनी यावर जो उपाय आरंभिला आहे त्यास नाव नाही, अहवाल नाही, आणि म्हणूनच कदाचित तो चालला आहे. तिसरीतील एक मुलगा खांडाबरोबर गेला आहे. त्याच्या वडिलांजवळ स्वस्तातला मोबाईल आहे. ज्याच्या रानात खतासाठी मेंढरे बसवायची त्या बागायतदाराच्या घरी तो रात्री भारित करून मिळतो, हा सौद्यातलाच भाग असतो. गुरुजी त्या मोबाईलवर आपल्या आवाजात एकच काम पाठवितात: आज वाडा जेथे पडला असेल त्या गावाचे नाव पाटीवर लिहून छायाचित्र पाठव. पहिल्या गावांची नावे सोपी होती. विटा आले, पलूस आले. मग एके रात्री ‘किलोसकरवाडी’ आले. औंधकरांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली वसविलेल्या त्या गावाने आमच्या विद्यार्थ्याला रफार आणि जोडाक्षर दोन्ही एकदम घातले. गुरुजींनी ‘रेल्वे स्टेशनच्या पाटीपाशी जा आणि पुन्हा बघून ये’ एवढाच निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी बिनचूक नाव आले आणि त्याखाली, न सांगता, त्या दिवशी व्यालेल्या मेंढ्यांची संख्या. आता बेरीज-वजाबाकी त्या कोकरांवरच चालते. या साऱ्या उद्योगात चित्रफीत नाही, संगीत नाही, टाळ्या नाहीत. एक आवाज जातो आणि एक पाटी येते.

मोठ्यांच्या वाटाही पाहिल्या तर जे टिकले त्यात असेच काही आढळते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 च्या डिसेंबरात दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली, हे आपण वर्तमानपत्रातून वाचलेच असेल. त्यांची ख्याती झाली ती पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापण्याच्या कल्पनेने, आणि ती पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आली. त्या कल्पनेचे मर्म मला असे दिसते की, पुस्तक मुलाबरोबर घरी जाते, रानात जाते. वर्गातला पडदा खिळ्याला टांगलेला असतो. याउलट, पुण्यास 1984 साली सुरू झालेल्या बालचित्रवाणीच्या कार्यक्रमांच्या वेळी शाळेचा दूरदर्शन संच हेडमास्तरांच्या खोलीत कुलपात असे व किल्ली परगावी गेलेली असे, ही हकीकत मी आपल्याच तोंडून ऐकली आहे. ती संस्था 2017 साली बंद झाली. तिने शेकड्यांनी चांगले कार्यक्रम केले. परंतु समोर कोणते मूल बसले आहे आणि काल ते कोठे होते, हे विचारण्याची सोय त्या संचात नव्हती.

2020 साली महामारीत शाळांना टाळे लागले तेव्हा राज्याने ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे अभियान काढले होते. मी तेव्हा स्वतः शाळकरी होते. त्या वर्षी सगळीच मुले गैरहजर झाली आणि गैरहजर मुलाला कसे शिकवावे याचा विचार सरकारदरबारी झाला. कोणी ओसरीत वर्ग भरविले, कोणी स्वाध्यायाचे कागद घरोघर टाकले, कोणी फोनवरून गोष्टी सांगितल्या. शाळा उघडल्या आणि ती विद्या आम्ही दप्तरबंद केली. बहुसंख्य मुले परत आली. जी पूर्वीपासूनच जात-येत होती ती तशीच राहिली. याचे मला फार वाईट वाटते.

आणखी एक बाब, जी ऐकून आपणांस हसू येईल. गुरुजींच्या हातातील मोबाईलचा अधिकांश वेळ अध्यापनात जात नाही. आज किती मुलांनी खिचडी खाल्ली, किती गणवेश वाटले, कोणत्या उपक्रमाचे छायाचित्र किती वाजेपर्यंत चढवावयाचे, याची इत्तला देण्यात जातो. पूर्वी ही माहिती महिन्याकाठी तालुक्याच्या दफ्तरात जाई. आता ती तासागणिक मागविता येते म्हणून तासागणिक मागविली जाते. यावरून आठवले, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तेथे 2022 सालापासून सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास घरोघरचे दूरदर्शन व मोबाईल बंद ठेवण्याचा ठराव झाला, म्हणजे मुलांनी अभ्यास करावा आणि मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे. त्या गावाचे कौतुक देशभर झाले आणि ते रास्तच होते. तसाच एखादा भोंगा सकाळी साडेदहाला शिक्षकांसाठी वाजू लागला तर मी त्याची वर्गणी आनंदाने देईन.

आता व्यवहाराचे. अभ्यासक्रमाच्या नियमाप्रमाणे मला एक कृतिसंशोधन करावयाचे आहे. मी विषय धरला आहे तो ‘स्थलांतरित विद्यार्थ्यांशी ध्वनिसंदेशाद्वारे अध्ययनसंपर्क’. नमुन्यात पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, हजेरीची टक्केवारी असे रकाने आहेत. माझा विद्यार्थी गैरहजर असल्याखेरीज माझे संशोधनच होत नाही, तेव्हा हजेरीच्या रकान्यात काय भरावे यावर विद्यालयात गंभीर चर्चा झाली व निर्णय पुढील बैठकीवर ढकलण्यात आला. आपणांकडे मागणे एवढेच की, आपण वाड्या-वस्त्यांवर असताना मेंढरांमागे गेलेल्या मुलांची नावे पटावरून कमी न करता पावसाळ्यापर्यंत कशी राखीत होता, ती मुले परतल्यावर त्यांना कोठून सुरुवात करून देत होता, आणि वरिष्ठांना त्याचा काय खुलासा लिहीत होता, ते सविस्तर कळवावे. काकांच्या दुकानाशेजारी आपल्या भागातील गलाईवाल्यांची जी चार-सहा मुले आहेत, त्यांपैकी कोणास मराठी वाचता येते याचीही चौकशी व्हावी. पहिलीचे बालभारतीचे पुस्तक काकांच्या मोबाईलवर उतरवून घेता येते, मी त्याची रीत वेगळ्या कागदावर लिहिली आहे. पौषात गुरुजी एक दिवस पलूसकडे जाऊन त्या मुलाची वही समक्ष पाहणार आहेत, त्यांच्याबरोबर मीही जाईन. काकूंस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपली आज्ञाधारक नात