मुंबई पाहण्याचा बेत

दिवाळीच्या सुट्टींत सहकुटुंब मुंबई पाहून यावी, असा ठराव आमच्या घरीं झाला. आमचें बिऱ्हाड अहिल्यानगरास. २०२४ सालापर्यंत या शहराचें सरकारी नांव अहमदनगर होतें, आणि आम्ही तर अजून नुसतें नगरच म्हणतों. घरांतलीं माणसें अकरा. बेत आंखण्याचें काम अर्थातच आम्हांकडे आलें. तीस वर्षें शाळेचें वेळापत्रक केलेल्या माणसास त्यांत अवघड तें काय?

एक ताव घेऊन तीन दिवसांचे रकाने पाडले. नातवंडांना राणीच्या बागेंतले पेंग्विन हवेत. ती बाग बुधवारीं बंद. थोरल्या सूनबाईंना घारापुरीचीं लेणीं. तीं सोमवारीं बंद. चिरंजिवांना १९२४ सालीं पुरा झालेला 'गेटवे' आणि त्याच्या शेजारचें वस्तुसंग्रहालय. शिवाय महालक्ष्मी व सिद्धिविनायक. पहाटे सहापासून रात्रीं दहापर्यंत एकहि तास रिकामा राहिला नाहीं. ताव वाचून दाखवितांना आमची छाती थोडी फुगली होती, हें कबूल करतों.

सर्वांनीं वाहवा केली. सौ. मात्र शेंगा सोलतां सोलतां म्हणाली, "तुम्ही सगळे जाऊन या. मी घर सांभाळतें."

आम्हांस नवल वाटलें. समुद्र एकदां पाहायचा आहे, असें तिनें चाळीस वर्षांच्या संसारांत कितीदां तरी बोलून दाखविलें होतें. तिचें माहेर नेवाशाकडचें. मोठें पाणी म्हणून तिनें पाहिलें तें प्रवरेचें आणि मुळा धरणाचें. शेवटीं रात्रीं नातीनें उलगडा केला, "आजोबा, आजीचे गुडघे दुखतात. घारापुरीला शंभराच्या वर पायऱ्या आहेत. आपल्यामुळें सगळ्यांचा खोळंबा होईल, असें तिला वाटतें."

शाळेच्या वेळापत्रकांतसुद्धां मधली सुट्टी असते. आमच्या तावांत ती नव्हती. ज्या 'मेघदूता'वर आम्हीं वर्षानुवर्षें तास घेतले, त्यांतला यक्षहि मेघास अलकेची वाट सांगतांना, दमशील तेथें डोंगरमाथ्यावर विसावा घे, असें आधींच सांगतो. आम्हांस तें परीक्षेपुरतेंच पाठ!

दुसऱ्या दिवशीं नवा ताव घेतला. नगराहून आगगाडीनें जायचें तर दौंड किंवा मनमाड असा वळसा पडतो. म्हणून माळशेज घाट उतरून कल्याणवरून मोटारीनें जावें, आणि घाटांत हातपाय मोकळे करण्यास थांबावें, असें ठरविलें. घारापुरीस तरुण मंडळींनीं जावें. गेटवेपासून होडीला सुमारें तास लागतो. त्या दिवशीं आम्हां उभयतांचा मुक्काम गांवदेवीच्या बाजूस. तेथें मणिभवन आहे. १९१७ ते १९३४ या काळांत गांधीजी मुंबईंत आले कीं तेथें उतरत. तेथून जवळच ऑगस्ट क्रांति मैदान.

या मैदानाचें आणि आमच्या गांवाचें नातें जुनें आहे. ८ ऑगस्ट १९४२ रोजीं तेथें 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशीं पहाटे पुढाऱ्यांना धरून आगगाडींत बसविलें; गांधीजींना वाटेंत उतरवून पुण्यास नेलें, आणि नेहरू, पटेल, आझाद प्रभृति मंडळी आमच्या भुईकोट किल्ल्यांत आणून ठेवली. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' नेहरूंनीं येथेंच १९४४ सालीं लिहिलें. त्यांची खोली आम्हीं शाळेच्या किती तुकड्यांना दाखविली असेल! पण ते पाहुणे जेथून आले, तें मैदान आम्हीं स्वतः अजून पाहिलेलें नाहीं. सूनबाई हंसून म्हणाली, "म्हणजे मामंजी, हा रकाना तुमचाच!" आम्हीं नाकारलें नाहीं.

मैदानापासून गिरगांवची चौपाटी अगदीं जवळ. टॅक्सींतून उतरलें कीं वाळू. पायरी चढण्याचें काम नाहीं.

सौ.नें चष्मा लावून ताव सबंध वाचला. "चौपाटीवर किती वेळ?" तिनें विचारलें. आम्हीं बोट दाखविलें: साडेचार ते सात. तिनें पेन्सिल मागून घेतली, 'सात' खोडलें, आणि त्या जागीं दुसरें कांहींच लिहिलें नाहीं.