परतवाड्याची सडक आणि सायकलचे दाते

अमरावतीहून वलगाव, आसेगाव करीत परतवाड्यास जाणारी सुमारे ५० किलोमीटरांची सडक पूर्णेच्या काळ्याभोर खोऱ्यातून जाते. दोहों बाजूंस कपाशी, तूर आणि मधूनमधून संत्र्यांचे बगीचे. पेढी ओलांडली, पुढे पूर्णा ओलांडली, तरी दम लागावा असा चढ म्हणून येत नाही. अशा वाटेवर पाय हलके होतात आणि घरच्या जुन्या सायकलीने याहून जलद का धावू नये, असा विचार मनात डोकावू लागतो.

आमच्या घरची सायकल वडिलांच्या वेळची. काळी, भारदस्त, लोखंडी गजांच्या ब्रेकची. पुढल्या चक्रास ४४ दाते, मागल्या फ्रीव्हीलला १८ आणि चाक २८ इंची. पायडलाच्या एका फेऱ्यात ती साडेपाच मीटर जाते. मिनिटास ६० फेरे मारल्यास तासाला सुमारे २० किलोमीटर. मागे १८ ऐवजी १६ दात्यांचे फ्रीव्हील बसविले, तर त्याच फेऱ्यांत तासाला २२ किलोमीटर होतात. परतवाड्यास पोहोचण्यात पाव तास वाचतो, एवढेच काय ते.

काम अवघड नाही. फ्रीव्हीलच्या खाचांत बसणारे हत्यार मात्र हवे. दाते कमी झाल्याने साखळी सैल पडते. ती मागले चाक सुमारे पाव इंच मागे ओढून ताणावी. चाक सरकले म्हणजे ब्रेकचे रबरही पुन्हा जुळवावे. वेग वाढविणाऱ्याने हे तर मुळीच विसरू नये. साखळी झिजलेली असेल, तर तीही बदलावी. अन्यथा ती नव्या दात्यांवरून उडते.

परंतु दाते बळ देत नाहीत. ते केवळ बळाची वाटणी करतात. परतवाड्यापुढे चिखलदऱ्याचा घाट सुरू होतो आणि सुमारे ३० किलोमीटरांत सातशे मीटरांहून अधिक चढावयाचे असते. १८ दात्यांवर जेथे आठ शेर जोर पुरे, तेथे १६ वर नऊ शेर द्यावा लागतो. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध शर्यतीत १९३७ पर्यंत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या गिअरला मज्जाव होता. तेव्हाचे स्वार मागल्या चाकाच्या दोहों अंगांस निरनिराळ्या दात्यांची चक्रे ठेवीत आणि डोंगराच्या पायथ्याशी उतरून चाक उलटे बसवीत. आपल्या वाटेवर तसा पायथा म्हणजे परतवाडाच होय.

आमच्या पुतण्याने हौसेने १६ चे फ्रीव्हील बसविले आणि परतवाड्याहून मोठ्या आनंदात परत आला. दुसऱ्या दिवशी सत्तरी ओलांडलेले आमचे थोरले बंधू नेहमीप्रमाणे तीच सायकल घेऊन बाजारास गेले. येताना मागे धान्याची पिशवी होती; पुलाच्या चढावर त्यांना उतरून सायकल हाती धरून चालावे लागले. घरी आल्यावर ते त्याविषयी एक शब्दही बोलले नाहीत. केवळ गुडघ्यास तेल चोळीत बसले. पुतण्याने ते पाहिले आणि दिवेलागणीस आपण होऊन १८ चे फ्रीव्हील पुन्हा चढविले. १६ चे आता तेलाच्या फडक्यात गुंडाळून कोनाड्यात आहे. लांबच्या सहलीच्या आदल्या रात्री ते निघते, परतल्यावर पुन्हा आत जाते.

तीन वेगांच्या हबने हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. स्टर्मी-आर्चरच्या १९३६ च्या हबात मधल्या गतीहून वरची गती एक-तृतीयांशाने अधिक, तर खालची एक-चतुर्थांशाने कमी असे. एकच सायकल तरुणासही चाले आणि वृद्धासही. ज्यांना असा हब मिळेल त्यांनी तो अवश्य बसवावा. ज्यांच्या घरी एकच सायकल आणि एकच फ्रीव्हील, त्यांनी दाते मोजण्यापूर्वी ती सायकल चालविणारी माणसे मोजावीत. सपाट सडकेवरचा पाव तास कोणाच्या गुडघ्यांतून येतो, हे घरातल्या घरात ठाऊक असलेले बरे.