सँपल ‘बाटलं’ म्हणजे नेमकं काय झालं?



प्रयोगशाळेत कुणी ‘बाटलं’ हा शब्द वापरला, तर तो विज्ञानाचा शब्द नसतो, जातीचा असतो. ज्याला हा टोमणा आहे की तपासण्याजोगं विधान आहे असा प्रश्न पडतो, त्याच्यासाठी हा लेख.

नाशिकमधल्या आमच्या अभ्यासिकेत येणारी एक मुलगी एमएस्सी करते. आई दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला जाते. मुलीचा प्रकल्पही द्राक्षाच्याच पानांवर आहे: डाऊनी पडलेल्या पानात कोणती प्रथिनं वाढतात आणि कोणती घटतात. त्यासाठी नमुने मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवायचे होते. पहिल्या खेपेचा अहवाल आला तेव्हा त्यात पानापेक्षा माणसाच्या केराटिनचीच गर्दी होती. बरोबरचा एक जण हसत म्हणाला, ‘तुझा हात लागला, सँपल बाटलं.’ बाकीचेही हसले. तिने मला विचारलं, ‘ताई, खरंच माझ्या हातानं झालं असेल का?’

मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी. त्यामुळे आधी तिच्याकडूनच सगळं समजून घेतलं.

मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे रेणूंचा अतिशय बारीक तराजू. अशा कामात अख्खं प्रथिन त्यात सहसा घालत नाहीत, आधी त्याचे तुकडे करतात. डीटीटीने प्रथिनातले गंधकाचे बंध सोडवायचे, ते पुन्हा जुळू नयेत म्हणून आयोडोअ‍ॅसिटामाइड घालायचं, मग ट्रिप्सिन हे एन्झाइम घालून ३७ अंशांवर रात्रभर ठेवायचं. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांपाशी प्रथिन कापतं. मीठ किंवा डिटर्जंट उरलं तर यंत्राला तुकड्यांचा संकेत नीट मिळत नाही, म्हणून ते सी-१८च्या गाळणीवर धुऊन घ्यायचे, सुकवायचे आणि थंड ठेवून पाठवायचे. सोबतच्या अर्जात जीव कोणता, प्रथिन किती, कोणती रसायनं वापरली, हे लिहायचं. यंत्र तुकड्यांचं वस्तुमान मोजतं आणि ते माहितीसाठ्याशी ताडून मूळ प्रथिन ओळखलं जातं.

केराटिन कातडीत, केसांत, नखांत आणि लोकरीत असतं. खोलीच्या धुळीत आपल्याच कातडीचे सुटलेले कण असतात. म्हणून नियम असे: पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे, तेही वारंवार बदलायचे; केस बांधून टोपी घालायची; लोकरीचा स्वेटर नको; नळीचं झाकण उगाच उघडं ठेवायचं नाही. हे नियम विभागप्रमुखाला आणि काचेची भांडी धुणाऱ्या मावशींना सारखेच लागू. आणि नमुन्यात आलेलं केराटिन कुणाच्या बोटाचं, हे अशा नेहमीच्या अहवालातून कळत नाही.

मग ‘तुझ्या हातानं’ हे त्याला कुठून कळलं? अहवालातून तर नक्कीच नाही.

मी तिला विचारलं, खरं कारण शोधायला काय करावं लागेल? ती म्हणाली, ‘ब्लँक.’ म्हणजे पान न घालता, बाकी सगळी रसायनं त्याच क्रमाने वापरून केलेला रिकामा नमुना. दुसऱ्या खेपेला तिने दोन ब्लँक पाठवले. एक सगळे जण वापरतात त्या बाटल्यांतल्या रसायनांचा, दुसरा नव्याने उघडलेल्या बाटल्यांचा. जादा शुल्कासाठी अभ्यासिकेत वर्गणी काढली. अहवाल आला: पहिल्या ब्लँकमध्ये केराटिन भरपूर, दुसऱ्यात नावापुरतं. दोन्ही तिनेच केले होते. हात तेच, बाटल्या वेगळ्या. दोष सगळ्यांनी हाताळलेल्या बाटल्यांत होता.

तिचा हात हे कारण सगळ्यांनी मान्य केलं असतं, तर त्या बाटल्या फडताळात तशाच राहिल्या असत्या आणि हसणाऱ्यांचेही नमुने खराब होत राहिले असते. जातीचं उत्तर आयतं मिळतं, म्हणून पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. जात माणसाचा अपमान करते हे आपण रोज सांगतो. ती विज्ञानाचाही घात करते, हे सांगायला आपण कमी पडतो.

‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या १९४८च्या ग्रंथात बाबासाहेबांनी विटाळ आणि अस्पृश्यता यांतला फरक मांडला आहे. जन्म, मृत्यू, पाळी यांमुळे मानला जाणारा विटाळ अनेक समाजांत होता, पण तो तात्पुरता होता आणि त्यावर शुद्धीचा उपायही होता. अस्पृश्यता मात्र जन्माने येते आणि कशानेच धुतली जात नाही. प्रयोगशाळेतली अशुद्धी मोजता येते, हातमोजे आणि नव्या बाटलीने कमी होते आणि कुणाच्याही हातून होऊ शकते. तिला ‘बाटणं’ म्हणणारा एका मोजता येणाऱ्या गोष्टीला जन्माचा डाग चिकटवतो. १९२७ साली महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर सनातन्यांनी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. पाणी आधी आणि नंतर तपासून पाहावं, असं त्यांना वाटलं नाही. आपल्या नाशिकात २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला तेव्हा काळाराम मंदिराचे दरवाजे बंद केले गेले, तेही याच समजुतीतून.

कुणी म्हणेल, गंमत होती, विज्ञानात जात नसते. यंत्रात नसते, मान्य. यंत्रापर्यंतच्या वाटेवर ती भेटते. दिल्लीच्या एम्समधल्या जातिभेदाबद्दल थोरात समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. देशातली उत्तम यंत्रं तिथेही होती.

म्हणून विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना सांगणं आहे. वहीत तारीख आणि बाटलीचा बॅच क्रमांक लिहा. दर खेपेला ब्लँक ठेवा. टोमणा आला तर तोही तारीख, वेळ आणि साक्षीदारासह त्याच दिवशी लिहून ठेवा. आणि संघटनांना सांगणं आहे: जयंतीला एक डीजे कमी लावा आणि ते पैसे मुलांच्या प्रकल्पांच्या शुल्कासाठी बाजूला ठेवा. आमच्या मुलीकडे दुसऱ्या खेपेचे पैसे नसते, तर ‘तुझा हात लागला’ हेच तिच्या प्रकल्पाचं शेवटचं वाक्य ठरलं असतं.

जय भीम! नमो बुद्धाय!