उभ्या गाडीची बॅटरी

संभाजीनगरात बॅटरीला मार बसतो एप्रिल-मे महिन्यात आणि तो कळतो डिसेंबरात. थंडी पडली की भल्या सकाळी फोन सुरू होतात. सेल्फ मारला की नुसतं टकटक वाजतं, डॅशबोर्डचे दिवे मंदावतात, गाडी काही उठत नाही. मालक म्हणतो, थंडीनं बॅटरी गेली. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो, बॅटरीतली क्रियाही मंदावते, हे खरं आहे. पण धडधाकट बॅटरी आपल्याकडची थंडी सहज काढते. डिसेंबरात हात टेकणारी बॅटरी उन्हाळ्यातच पत्र्याच्या शेडखाली उभ्या उभ्या अर्धी संपलेली असते.

माझी उमर ऑटो इलेक्ट्रिकच्या कामात गेली. पळून पळून संपलेल्या बॅटऱ्या पाहिल्याच, पण उभ्या राहून मेलेल्या जास्त पाहिल्या, आणि त्यांचं मला वाईट वाटतं, कारण त्या वाचल्या असत्या.

२०२० साली हे सगळ्या शहरानं पाहिलं. मार्चच्या मध्यावर अजिंठा-वेरूळची लेणी बंद झाली आणि आठवड्याभरात देशच बंद झाला. इथल्या टुरिस्ट गाड्यांचं पोट लेण्यांवर, दौलताबादच्या किल्ल्यावर, बिबी का मकबऱ्यावर. लेणी पुन्हा उघडली ती डिसेंबरात. तोवर उन्हाळा, पावसाळा, दिवाळी, सगळं गेलं आणि गाड्या गल्लीत, मोकळ्या प्लॉटवर धूळ खात उभ्या राहिल्या. ज्या ड्रायव्हरांनी सुरुवातीलाच निगेटिव्हची वायर सोडून ठेवली होती, त्यांच्या बऱ्याच बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यावर उठल्या. ज्यांनी गाडीला फक्त कुलूप लावलं, त्यांच्या प्लेटांवर पांढरा थर चढलेला. आधीच थकलेले हप्ते, त्यात नव्या बॅटरीचे चार-पाच हजार.

कुलूप लावलेली गाडीही करंट खात असते. घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, इंजिनचा कंट्रोलर, यांना थोडं थोडं लागतंच. चांगल्या स्थितीतली गाडी साधारण ३० मिलिअँपिअर ओढते. आकडा किरकोळ वाटतो, पण आठवड्याला तो ५ अँपिअर-अवर होतो. लहान कारची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते. म्हणजे महिन्याभरात निम्म्याहून जास्त रिकामी. शिवाय बॅटरी आतल्या आत आपोआपही उतरते, आणि तापमान १० अंशांनी चढलं की हे उतरणं जवळपास दुप्पट होतं. बाहेर चाळिशी पार असताना बंद शेडमध्ये काय होत असेल ते सांगायला नको.

उतरलेली बॅटरी तशीच ठेवणं हे खरं दुखणं. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी शिसं आणि गंधकाम्लाची ही बॅटरी केली. तेव्हापासून तिचा हा स्वभाव बदललेला नाही. वापरताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. ते ताजं असताना मऊ आणि बारीक असतं, चार्जिंगला लावलं की विरघळून परत जातं. पण आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, तर पाकाच्या तळाशी साखर बसावी तसे त्याचे कडक खडे होतात. मग कितीही चार्ज करा, प्लेटचा तेवढा भाग गेलाच. चार्जर लावल्यावर झटपट ‘फुल’ दाखवणारी आणि एका सेल्फमध्ये बसणारी बॅटरी असते ती हीच.

म्हणून ‘आठवड्यातून एकदा पाच मिनिटं गाडी चालू ठेवतो’ हे ऐकलं की माझा जीव खालीवर होतो. सिडकोतले एक निवृत्त सर अगदी नेमानं हे करत. मुलगा परदेशी, गाडी अंगणात. त्यांना मी हिशोब मांडून दाखवला. सर, आठवड्याला ५ अँपिअर-अवर गेले. ते पाच मिनिटांत भरायचे तर ६० अँपिअर करंट बॅटरीत जायला हवा. आयडलवर आल्टरनेटर त्याच्या आसपासही देत नाही, त्यातून एसी आणि लाइट चालू असले तर हाती काहीच लागत नाही. वर थंड इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये पाणी धरतं ते वेगळंच. आठवड्यातून एकदा जालना रोडनं चिकलठाण्याच्या पुढे अर्धा-पाऊण तास गाडी पळवा. ते जमत नसेल तर अजिबात चालू करू नका, वायर सोडा.

वायर सोडायला दहा नंबरचा पाना पुरतो. आधी निगेटिव्ह. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट. जोडताना उलट, निगेटिव्ह शेवटी. चावी खिशात ठेवूनच वायर काढा. काही गाड्यांची डिकी आणि दारं बॅटरीशिवाय उघडत नाहीत.

महिन्यातून एकदा मल्टीमीटर लावा. गाडी किंवा चार्जर बंद करून रात्र गेल्यावर मोजा, नाहीतर आकडा फसवतो. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली. १२.४ ला पाव भाग गेला. १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ ला जवळजवळ रिकामी. मी १२.४ ची वाट पाहत नाही, त्याआधीच चार्जिंगला लावतो: क्षमतेच्या दहाव्या हिश्शानं, म्हणजे ३५ च्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, सावकाश. खोली हवेशीर हवी. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तिथे विडीकाडी नको. हल्ली भरल्यावर आपोआप १३.५ व्होल्टच्या आसपास येऊन थांबणारे चार्जर मिळतात. अंगणात प्लग असेल तर यापेक्षा चांगली सोय नाही.

पाण्याचं मात्र आपल्या शहरात जपून. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून घरोघरी बोअर, आणि काळ्या पाषाणातून येणारं हे पाणी क्षारांनी जड. ते बॅटरीत गेलं की क्षार प्लेटांवर बसतात. डिस्टिल्ड वॉटरच टाका, तेही पूर्ण चार्ज झाल्यावर, कारण चार्जिंगमध्ये पातळी वर चढते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच टाकायचं. अ‍ॅसिड कधीच टाकायचं नाही. उडून जातं ते पाणी. घरच्या इन्व्हर्टरचं पाणी आठवणीनं पाहणारी माणसं गाडीचं बॉनेट वर्षभर उघडत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

सीलबंद बॅटरीतला हिरवा ठिपका पाहून निर्धास्त होऊ नका. तो सहांपैकी एकाच सेलची खबर देतो. बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते, असं जुने मिस्त्री सांगत. लाकडी आणि रबरी खोक्यांच्या काळात त्यात तथ्य होतं. आताच्या प्लास्टिकच्या बॅटरीला फरशीनं काही होत नाही. तरी मी फळीवरच ठेवतो, अ‍ॅसिडनं फरशी खराब होऊ नये म्हणून. टर्मिनलवर पांढरी पावडर जमली असेल तर खायच्या सोड्याचं कोमट पाणी आणि जुना ब्रश, आणि कोरडं झाल्यावर थोडी व्हॅसलीन.

गावाला जाणार असाल, मुलांची गाडी सांभाळत असाल, किंवा नुसतीच गाडी काढणं होत नसेल, तर मार्च संपायच्या आत एकदा बॉनेट उघडा आणि व्होल्ट मोजा. साडेबाराच्या खाली असेल तर त्याच दिवशी चार्जिंगला लावा. डिसेंबरची वाट पाहू नका.