न पाहिलेला उतारा : काही टिपणे

गुण कुठे आहेत

दहावीला मराठी माध्यमाच्या मुलांची इंग्रजीची लेखी कृतिपत्रिका ८० गुणांची असते. पाठ्यपुस्तकातल्या दोन उताऱ्यांना प्रत्येकी १० गुण, कवितेला १०, पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला १० आणि सारांशाला ५. म्हणजे ८० पैकी ४५ गुण वाचून समजण्यावर आहेत. तरीही जानेवारी उजाडला की शिरूरच्या शिकवणी वर्गांत आणि दौंडच्या अभ्यासिकांत मुलं पत्राचा मायना, भाषणाची सुरुवात आणि बातमीचा मथळा पाठ करताना दिसतात. पाठ करता येतं तेवढंच मुलं हातात घेतात. पुस्तकाबाहेरचा उतारा पाठ करता येत नाही, म्हणून तो ‘वेळ उरला तर’ या रकान्यात जातो.

माझ्या मते हा उतारा म्हणजे कृतिपत्रिकेतला सगळ्यात न्याय्य प्रश्न. शहरातल्या महागड्या क्लासच्या मुलानं तो आधी पाहिलेला नसतो आणि न्हावऱ्यासारख्या गावातल्या मुलीनंही नसतो. पण तिला वर्षभर वाचायला मिळालं असेल, तरच हा न्याय खरा.

ओळ उतरवणे

मुलांनी एक युक्ती अंगवळणी पाडून घेतली आहे. प्रश्नातला ठळक शब्द उचलायचा, तो उताऱ्यात कुठे आहे ते शोधायचं आणि ती ओळ जशीच्या तशी उत्तरपत्रिकेत उतरवायची. बऱ्याचदा दोन गुण मिळतातही. त्यामुळे युक्ती पक्की होते आणि वाचन कच्चं राहतं.

समजा, उताऱ्यात एका शेतकऱ्याची गोष्ट आहे. भावाला विहीर खणायची होती. पण गावातल्या विहिरी आटताना ज्यानं पाहिल्या होत्या, त्या शेतकऱ्यानं हातचे पैसे शेततळ्यावर घातले. प्रश्न असा : शेतकऱ्यानं विहीर का खणली नाही? मुलं ‘वेल’ (विहीर) हा इंग्रजी शब्द शोधतात आणि ‘भावाला विहीर हवी होती’ एवढंच लिहून मोकळी होतात. उत्तर पुढच्या तुकड्यात, दोन स्वल्पविरामांच्या मध्ये असतं. तिथपर्यंत नजर जात नाही, कारण नजर शब्द शोधत असते, अर्थ नाही.

यावरचा उपाय साधा आहे आणि वर्गात चालतो. प्रश्न झाकून ठेवायचे. आधी उतारा वाचायचा आणि त्यात काय घडलं ते शेजारच्याला मराठीत सांगायचं. प्रश्न मग उघडायचे.

वाक्याची बांधणी

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. आपला कान शेवटपर्यंत थांबायला सरावलेला असतो. इंग्रजीत कर्त्यामागून क्रियापद लगेच येतं आणि बाकीचा पसारा नंतर वाढत जातो. कधी कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्येच एखादं लांबलचक उपवाक्य घुसतं आणि मूल तिथे हरवतं.

अशा वेळी मधल्या तुकड्यावर बोट ठेवून तो झाकायचा. कोण? काय केलं? एवढं आधी पक्कं करायचं आणि मग बोट काढायचं. दुसरी सवय सर्वनामांची. ‘ही’, ‘इट’, ‘दे’ जिथे जिथे येईल, तिथे पेन्सिलीनं वर लिहायचं : हा कोण, हे काय, हे कोणकोण. तिसरी सवय वळणांची. ‘बट’, ‘दो’, ‘अनलेस’, ‘हार्डली’ हे शब्द दिसले की थांबायचं, कारण तिथे वाक्य दिशा बदलतं. चुकलेल्या उत्तरांच्या मुळाशी बहुतेक वेळा अवघड शब्द नसतो. यातली एखादी गोष्ट निसटलेली असते.

अडणारे शब्द

दुसऱ्या भाषेत वाचताना किती शब्द माहीत असायला हवेत, यावर चांगलं संशोधन झालं आहे. इस्रायलच्या बातिया लॉफर यांनी १९८९ मध्ये मजकुरातले सुमारे ९५ टक्के हा आकडा मांडला. २००० साली हू आणि नेशन या अभ्यासकांनी कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायला ९८ टक्क्यांच्या आसपास शब्द ओळखीचे लागतात असं दाखवलं. दीडशे शब्दांच्या उताऱ्याला हा हिशेब लावला, तर तीन शब्द अडले तरी चालतं. सात-आठ अडले तर ओढाताण होते. वीस अडले तर ते वाचनच नव्हे.

म्हणून जून महिन्यात दहावीच्या हातात थेट बोर्डाच्या जुन्या कृतिपत्रिका देण्यात अर्थ नाही. ज्या मुलाचे वीस शब्द अडतात, त्याला सातवीचं पुस्तक द्यावं, गरज पडली तर पाचवीचं. धाकट्या बहिणीचं पुस्तक घरातच असतं. नसेल तर बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. खालच्या इयत्तेचं पुस्तक वाचण्यात कमीपणा नाही, हे शिक्षकांनी वर्गासमोर मोठ्यानं सांगायला हवं.

दौंड जंक्शन

१९८८ मध्ये अमेरिकेत रेख्ट आणि लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुलं त्यात पुढे गेली. वाचनात हुशार, पण बेसबॉल न कळणारी मुलं मागे पडली. समजून वाचणं हे नुसत्या भाषेवर चालत नाही. ज्या विषयाचा उतारा आहे, त्या विषयाची ओळख निम्मं काम करते.

दौंडच्या मुलांना हा सिद्धांत सहज पटवता येईल. पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चारही दिशांच्या गाड्या या जंक्शनवर भेटतात. इंजिन बदलणं, गाडी आउटरला थांबणं, फलाट बदलल्याची घोषणा, पुण्याला नोकरीला जाणाऱ्या पासधारकांची गर्दी, हे सगळं या मुलांना पाठ आहे. याच विषयावर दीडशे शब्दांचा इंग्रजी उतारा दिला, तर शब्द अडले तरी अर्थ सुटत नाही. खोरच्या मुलांना अंजिराच्या बागेवर द्यावा, रांजणगावच्या मुलांना औद्योगिक वसाहतीतल्या पाळ्यांवर, केडगाव-चौफुल्याकडच्या मुलांना गुऱ्हाळावर.

ओळखीच्या जगातून सुरुवात करून मग हळूहळू बाहेर न्यावं : ध्रुवावरचा बर्फ, पेंग्विन, अंतराळ, आफ्रिकेतला एखादा चित्रकार. बोर्डाचा उतारा बाहेरच्या जगातला येऊ शकतो, म्हणून तिथपर्यंत पोचायचंच आहे. पण पहिली पायरी आपल्या गावात असावी.

केडगावच्या रमाबाई

दौंड तालुक्यातलं केडगाव म्हणजे पंडिता रमाबाईंचं गाव. त्यांचं मुक्ती मिशन इथलं. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे रमाबाईंनी साक्ष दिली, ती मराठीत. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवत आणि स्वतः शिकतही. १८८७ साली त्यांचं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियाला प्रसिद्ध झालं.

रमाबाईंची बुद्धी असामान्य होती, हे खरंच. तरी एक गोष्ट प्रत्येक शिक्षकानं लक्षात घेण्यासारखी आहे. इंग्रजीकडे वळल्या तेव्हा त्या पंचविशीतल्या होत्या आणि वाचनाची ताकद त्यांनी आधी संस्कृतात आणि मराठीत कमावलेली होती. ती ताकद नव्या भाषेत वाया गेली नाही. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत बायबल आणलं, साध्या बायकांना कळेल अशा भाषेत, आणि ते केडगावात मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं. जी मुलगी मराठी धडा वाचून त्याचा सार चार वाक्यांत सांगू शकते, ती इंग्रजी उताऱ्याच्या अर्ध्या वाटेवर पोचलेली असते. मराठीचा तास कापून इंग्रजीला देणाऱ्या शाळांनी हे ध्यानात घ्यावं.

दहा वर्षांचं इंग्रजी

रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, जून २००० पासून, महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीपासून असे. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं २०१० च्या मार्चमध्ये दहावीला बसली. म्हणजे आजचा दहावीचा विद्यार्थी दहा वर्षं इंग्रजी शिकलेला असतो.

‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२३ च्या पाहणीत देशाच्या निवडक ग्रामीण जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना इंग्रजीतली साधी वाक्यं वाचायला दिली होती. ५७.३ टक्के मुलांना ती वाचता आली. त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांना वाक्याचा अर्थ सांगता आला. म्हणजे शंभरातल्या जेमतेम बेचाळीस मुलांना साधं वाक्य वाचून कळतं. उरलेल्या अठ्ठावन्न मुलांचा प्रश्न दहावीच्या वर्षात सुटणारा नाही, त्यासाठी तिसरी-चौथीतच हात घालावा लागेल. शिरूर तालुक्याला हे नवं नाही. वर्षाचे ३६५ दिवस भरणारी म्हणून गाजलेली कर्डेलवाडीची जिल्हा परिषद शाळा याच तालुक्यातली आणि तशीच नावाजलेली वाबळेवाडीची शाळाही इथलीच. प्राथमिक शाळेत पाया घालता येतो, हे इथल्या गावांनी पाहिलेलं आहे.

डब्यावरची अक्षरं

पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुलं तिथे हातानं काम करत शिकतात. ‘काम करत शिकणं’ वाचनालाही लागू आहे.

कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, मग निळा आणि सगळ्यात कमी विषारी हिरवा. त्याच्या आसपास बारीक इंग्रजी अक्षरांत मात्रा, घ्यायची काळजी आणि विषबाधा झाल्यास करायचे उपाय असतात. उसाच्या नाहीतर डाळिंबाच्या पट्ट्यातल्या घरात ही माहिती वाचणारं माणूस बहुधा दहावीतलं मूलच असतं. वर्गात एक दिवस हे लेबल उतारा म्हणून घ्यावं आणि त्यावर बोर्डाच्या धर्तीचे पाच प्रश्न काढावेत. मुलांना कळेल की समजून वाचणं ही परीक्षेपुरती कसरत नव्हे, चुकीचं वाचलं तर माणूस दवाखान्यात जातो. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत उमेदवारी करायला जाणाऱ्या मुलांना यंत्रावरच्या सूचनांचंही हेच सांगता येईल.

ढाक्याचा धडा

मायकल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ १९२०च्या दशकात ढाक्यात काम करत होते. बहुतेक मुलं शाळा लवकर सोडतात, हे त्यांनी पाहिलं. मग थोड्या वर्षांत त्यांना कायमचं उपयोगी पडेल असं काय द्यावं? त्यांचं उत्तर होतं वाचन. त्यांनी मोजक्या शब्दांत बसवलेली, पायरीपायरीनं चढत जाणारी वाचनपुस्तकं तयार केली. पुढे १९५३ मध्ये त्यांनी सुमारे २००० अत्यावश्यक इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. दहावीला बसणाऱ्या मुलाचे यातले बहुतेक शब्द पक्के असतील, तर उतारा त्याला पुष्कळ कमी परका वाटेल. शब्द पाठ करून पक्के होत नाहीत. वेगवेगळ्या वाक्यांत पुन्हा पुन्हा भेटले की होतात.

पाचवी कृती

प्रत्येक उताऱ्याखालची शेवटची, म्हणजे पाचवी कृती मुलाच्या स्वतःच्या मताची असते. दोन गुणांची. अनेक मुलं ती कोरी सोडतात, कारण उत्तर उताऱ्यात सापडत नाही. खरं तर हीच एक जागा अशी आहे, जिथे परीक्षा मुलाला विचारते : तुला काय वाटतं? दोन-तीन साधी, छोटी वाक्यं पुरतात. ती कोरी सोडायची नाही, हा नियम वर्गात जूनपासून हवा. मत मांडायची सवय तोंडी लागते आणि मगच कागदावर उतरते.

ऊसतोडीची मुलं

साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. बीड आणि नगरकडून आलेल्या टोळ्या भीमेच्या दोन्ही काठांवर कोप्या घालतात. दहावीचा सराव ज्या महिन्यांत व्हायचा, त्याच महिन्यांत त्यांची मुलं शाळेपासून लांब असतात. त्यांना मोबाइलवरचा तास देऊन भागत नाही, कारण चार्जिंगचीही सोय नसते. त्यांच्या दप्तरात निघतानाच पंचवीस छापील उतारे द्यावेत, सोप्याकडून अवघडाकडे जाणारे, शेवटी उत्तरांसह. झेरॉक्सचा खर्च एखादं तरुण मंडळ सहज उचलू शकतं.

वेळ

पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी हातात यायची. २०२३ पासून ती सवलत गेली आणि दहा मिनिटं शेवटी वाढवून मिळू लागली. त्यामुळे वाचायला वेगळा वेळ मिळत नाही, तो स्वतःच राखून ठेवावा लागतो. पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला साधारण पंचवीस मिनिटं धरावीत. उतारा आधी एकदा न थांबता, मग एकदा पेन्सिल घेऊन वाचावा आणि नंतर प्रश्नांकडे जावं. घड्याळ लावून केलेला असा सराव आठवड्यातून एकदा पुरे. इतर दिवशी घड्याळ नको, फक्त वाचन.

शेवटची विनंती

शिरूर आणि दौंडच्या शिक्षकांना माझं सांगणं आहे : दहावीच्या वेळापत्रकात आठवड्याचा एक तास फक्त वाचनाला द्या आणि तो जूनपासून द्या. आपल्या गावावर दीडशे शब्दांचा एक उतारा स्वतः लिहा. प्रत्येकानं वर्षाला दोन लिहिले, तरी तालुक्याचा स्वतःचा संग्रह उभा राहील. पालकांना विनंती अशी की इंग्रजी येत नसलं तरी मुलाला जवळ बसवा आणि विचारा : यात काय झालं, ते मला मराठीत सांग. मूल सांगू शकलं, तर त्याला उतारा कळला. आणि पुण्याला शिकायला गेलेल्या ताई-दादांनो, सुट्टीत गावी याल तेव्हा शेजारच्या दहावीच्या पोराला तासभर द्या. त्याला गाइड भरपूर मिळतात. सोबत बसून वाचणारं माणूस मिळत नाही.