शेऱ्याआधीची नोंद

सटाण्यात पर्यवेक्षकांचं प्रशिक्षण असलं की पहिला तास मी यशवंत महादेव भोसेकरांसाठी ठेवतो. ते इथले मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिन्यातला पैसा भुकेल्यांना वाटला आणि लोक त्यांना देवमामलेदार म्हणू लागले. मी कोरे कागद वाटतो आणि सांगतो, "तुम्ही त्यांचे साहेब आहात. दहापैकी गुण द्या."

कुणी नऊ देतो, कुणी दोन. दोन देणारा हळू आवाजात म्हणतो, "सर, त्यांच्या यात्रेला दरवर्षी पाया पडतो. पण परवानगीवाचून पैसा वाटला, ते कसं सोडू?" नऊवाला विचारतो, "मग मामलेदार असतो कशासाठी?" दोघंही मनापासून बोलत असतात, मापं तेवढी वेगळी. म्हणून गुण देण्याआधी एकत्र बसून माप ठरवायचं.

दुपारी आम्ही कांद्याच्या खळ्यावर जातो. एकाच ढिगातून प्रत्येक पर्यवेक्षक आपापली प्रतवारी करतो: मोठा, गोल्टा, गोल्टी, जोड. मग वाटे शेजारी मांडतो. वाद होतो, पण लवकर मिटतो, कारण कांदा हातात असतो. माणसाचं वर्षभराचं काम मार्चमध्ये शेरा लिहिताना असं हातात घेता येत नाही. आठवतो शेवटचा आठवडा, एखादं भांडण, नाहीतर गोड बोलणं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांचे गुण तपासून दाखवलं, की माणसाबद्दलचं एकूण मत त्याच्या प्रत्येक वेगळ्या गुणाच्या आकड्यात उतरतं.

माझ्याही हातून हे घडलं आहे. पर्यवेक्षक असताना कांदा निवडणाऱ्या एका ताईंपुढे मी 'कामात मंद' असा शेरा लिहिला. त्यांच्या हातून सडका कांदा पुढे जात नसे, हे मी रोज पाहत होतो. लिहून मात्र एकदाही ठेवलं नाही. त्यांची रोजंदारी त्या वर्षी वाढली नाही.

तेव्हापासून प्रत्येक पर्यवेक्षकाला मी खिशात ठेवायला एक वही देतो. तारीख टाकायची आणि डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. महिन्याअखेरीस ते ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याला वाचून दाखवायचं. २००८ मध्ये देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सरकारी नोकराच्या अहवालातली प्रत्येक नोंद, चांगलीसुद्धा, त्याला कळवली पाहिजे. खळ्यावरच्या बाईचा हक्क त्याहून कमी कसा असेल?

तो शेरा मी ताईंना वाचून दाखवला असता, तर त्यांनी काही न बोलता आपली पाटी माझ्यापुढे ठेवली असती.